छापण्याआधीचे पान

कॉमिक हा शब्द काढला की आपल्याकडील शिकल्यासवरल्या माणसांच्या कपाळावर आठी पडते. मुलांनी ते दप्तरात लपवावे आणि गुरुजींनी जप्त करावे, असा रिवाजच पडून गेला आहे. आपल्या समाजात या नापसंतीला आणखी एक कारण जोडले जाते, ते म्हणजे तसवीर. माणसाची चित्रे काढणे आणि पाहणे याविषयी जो जुना संकोच आहे, तो कॉमिकच्या बाबतीत जरा जास्तच जागा होतो. या वादात पडण्याचा आमचा इरादा नाही. आम्हांला फक्त एका पानाविषयी बोलायचे आहे. ते पान साहित्याच्या कसोटीवर वाचून पाहावे आणि मग वाचकांनी आपले मत ठरवावे, एवढीच आमची विनंती आहे.

हे पान स्टीव्ह डिट्को या अमेरिकन चित्रकाराचे आहे. १९६२ सालच्या ऑगस्ट महिन्याची तारीख असलेल्या ‘अमेझिंग फँटसी’ या मासिकाच्या १५व्या अंकात स्पायडरमॅनची पहिली कथा आली. ती अकरा पानांची होती. लेखक स्टॅन ली, चित्रकार डिट्को. अंकाची किंमत बारा सेंट. मासिक खपत नव्हते, आणि हाच त्याचा शेवटचा अंक ठरला. कथा मात्र वाचकांनी उचलून धरली व पुढच्याच वर्षी स्पायडरमॅनचे स्वतंत्र मासिक निघाले. त्या १५व्या अंकाची हाताने रेखलेली मूळ चोवीस पाने २००८ साली कोणा दात्याने वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला भेट दिली. दात्याने आपले नाव जाहीर होऊ दिले नाही. या मूळ पानांच्या प्रतिमा आता पाहायला मिळतात, आणि त्यांच्याच आधारे आम्ही हे लिहीत आहोत.

मूळ पान आणि छापील पान यांत मोठा फरक असतो. त्या काळी चित्रकार छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट आकाराच्या जाड कागदावर काम करी. आधी पेन्सिल, मग त्यावर काळी शाई. रंग त्या कागदावर नसतच. ते वेगळ्या प्रतीवर खुणा करून छापखान्याला कळवले जात. म्हणून ज्याचा लाल-निळा पोशाख जगभरची मुले ओळखतात, तो स्पायडरमॅन मूळ पानावर निव्वळ काळापांढरा आहे. जिथे रेघ चुकली तिथे पांढरा रंग फासून ती दुरुस्त केलेली दिसते. काळ्या भागात कुंचल्याचे फटकारे एकसारखे नाहीत, कुठे दाट तर कुठे विरळ. छपाईच्या यंत्राला हे काही दिसत नाही. ते काळ्याला काळे आणि पांढऱ्याला पांढरे मानून पुढे जाते. हाताची मेहनत मात्र मूळ पानावर जशीच्या तशी शिल्लक राहते.

समासात तर आणखी मौज आहे. या कथेत एका प्रसंगी भरधाव मोटार पीटर पार्करच्या अंगावर येते आणि तो उडी मारून भिंतीला चिकटतो. त्या चित्राशेजारी स्टॅन लीने डिट्कोला सूचना लिहिली आहे. मोटार बंद छताची दाखव, हात बाहेर लोंबकळताना दाखवू नकोस, बेफाम गाडी हाकल्याचा भास होऊ देऊ नकोस, असा तिचा आशय आहे. वाचकांना हे किरकोळ वाटेल. पण १९५४ साली अमेरिकेत कॉमिकमुळे मुले बिघडतात असा गदारोळ उठला होता, आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःहून नियमावली स्वीकारली होती. त्या चार ओळींत तो सारा इतिहास आहे. मुलांना काय दाखवावे व काय दाखवू नये, या भीतीच्या छायेत हे काम झाले. छापील अंकात त्या भीतीचा मागमूस नाही.

उर्दू वाचणाऱ्या घरांना या सगळ्याची ओळख पटायला वेळ लागू नये. कातिबाने मिस्तर आखून, कलम तासून लिहिलेला मजकूर शिळाछापावर जाई, छापून झाला की कातिबाचा कागद रद्दीत पडे. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने ते अक्षर संगणकात नेले आणि बहुतेक कातिबांचे कलम थांबले. १९२७ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या ‘मुसलमान’ दैनिकासारखा एखादाच अपवाद, की जो एकविसाव्या शतकातही हाताने लिहिला जात राहिला. त्याहून मागे जायचे तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अकबरनामा आहे. त्यात बेफाम ‘हवाई’ हत्तीवर स्वार झालेल्या अकबराचे जे प्रसिद्ध चित्र आहे, त्याचे रेखाटन बसावनचे आणि रंगकाम चेतरचे, अशी नोंद आहे. शाही कारखान्यात रेघ कोणाची आणि रंग कोणाचा हे लिहून ठेवण्याची रीत होती. १९६२ च्या त्या कथेवर ली आणि डिट्को यांची नावे आहेत, पण अक्षरे काढणाऱ्याचे आणि रंग ठरवणाऱ्याचे नाव नाही. चारशे वर्षांनंतरचा छापखाना या बाबतीत मोगल कारखान्याच्या मागेच होता, असे आम्हांला म्हणावेसे वाटते.

आता ते पान, म्हणजे कथेचे अखेरचे, अकरावे पान.

आधीची हकीगत थोडक्यात अशी. अंगात अचाट ताकद आलेला पोरका पीटर दूरचित्रवाणीवर खेळ करून नाव कमावू लागतो. एकदा त्याच्यासमोरून एक चोर पळत जातो. मागे धावणारा पोलीस ओरडतो, पण पीटर हात पुढे करीत नाही. आपल्याला काय त्याचे, हा त्याचा विचार. काही दिवसांनी घरी परततो तो दारात पोलीस. बाप बनून सांभाळणाऱ्या बेनचाचांचा चोराने खून केलेला असतो. खुनाचे चित्र कथेत नाही. पोलीस सांगतो तेवढेच आपल्याला कळते. डिट्कोचा हा संयम आम्ही मोठा मानतो.

अकराव्या पानावर स्पायडरमॅन जुन्या गोदामात लपलेल्या खुन्याला गाठतो. वरच्या भागात मारामारी आहे, हालचाल आहे, मुलांना हवे ते सारे आहे. आणि मग चोराचा चेहरा दिसतो. तोच तो. ज्याला जाऊ दिले तोच. येथून पानाची चालच बदलते. हालचाल थांबते. चोर जाळ्यात अडकून पोलिसांच्या हाती लागतो, पण त्या विजयाला चित्रकार भाव देत नाही. लगेच पुढे मुखवटा उतरलेला पीटर आहे आणि तो रडतो आहे. शेवटच्या चौकटीत तो अगदी लहान होऊन अंधारात चालत जातो.

डिट्कोने पुढे १९९० साली लिहिलेल्या एका लेखात, संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा आपण का योजला ते सांगितले आहे. त्याखाली पोरसवदा चेहरा लपतो आणि गूढता वाढते, असे त्याचे म्हणणे. म्हणजे ज्या चेहऱ्याला त्याने इतक्या विचाराने झाकले, तोच पान संपता संपता उघडा केला. इतर महानायकांच्या कथा मुखवटा चढवून संपतात. येथे तो उतरतो, आणि आत सूड घेतल्याचे समाधान नसून नदामत आहे. मूळ पानावर रंग नसल्यामुळे ही गोष्ट अधिक ठसते. लाल-निळ्याची झगमग गेली की उरतो तो काळ्या शाईतला एक घाबरा, दुबळा मुलगा.

या पानात उणे नाही असे नाही. संवाद फार आहेत. चित्र जे दाखवते तेच पात्र तोंडाने पुन्हा बोलून दाखवते. त्या काळी ली थोडक्यात कथानक देई, डिट्को पाने रेखी आणि मग संवाद भरले जात. त्यामुळे शब्द चित्रावर स्वार झालेले कित्येक ठिकाणी जाणवतात. शेवटच्या चौकटीत शक्ती आणि जबाबदारी यांविषयीचे ते सुप्रसिद्ध वाक्य आहे. चित्रपटांमुळे ते चाचांच्या तोंडचे म्हणून सर्वांना पाठ झाले. मूळ कथेत ते चाचा उच्चारतच नाहीत, निवेदक बोलतो. आम्हांला हा फरक महत्त्वाचा वाटतो. वडीलधाऱ्याने आधी बजावले आणि मुलाने ऐकले नाही, अशी ही कथा नाही. मुलाला कोणीच बजावलेले नाही. त्याला जे कळते ते नुकसान झाल्यावर, स्वतःच्या आतून कळते.

वाईट दिसले तर ते रोखावे, ही शिकवण आपल्या मुलांना मदरशात आणि घरात मिळते. पण ती उपदेशाच्या रूपाने मिळते, आणि उपदेश ऐकून सोडून देण्याची मुलांना सवय असते. पीटरने चोरी केली नाही, खून केला नाही. त्याने काहीच केले नाही, आणि हाच त्याचा गुन्हा. दंगलीत, मोहल्ल्यातल्या जुलमात, शेजारच्या सुनेच्या छळात आपण कितीदा असे बाजूला उभे असतो, हे ज्याचे त्याने आठवावे. तमाशबीन माणसाचा गुनाह इतक्या थोड्या रेघांत दाखवणारी कथा आम्हांला मराठी वा उर्दू बालसाहित्यात सहजी आठवत नाही.

या कागदांचे पुढे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. अशी पाने प्रकाशक आपली मालमत्ता समजत. कित्येक हरवली, कित्येक चोरीला गेली. जॅक किर्बीसारख्या थोर चित्रकाराला आपली पाने परत मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले आणि १९८७ साली हाती आली ती थोडीच. पुढे बाजार तापला. २०२२ च्या जानेवारीत माइक झेकने रेखलेले स्पायडरमॅनचे एक पान अमेरिकेतील लिलावात ३३ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. डिट्को मात्र मुलाखती नाकारीत न्यू यॉर्कमध्ये आपल्या खोलीत काम करीत राहिला आणि २०१८ साली वारला. त्याला भेटायला गेलेल्या एका अभ्यासकाने लिहून ठेवले आहे की, डिट्को आपले जुने मूळ पान कागद कापण्यासाठी खाली ठेवायची फळी म्हणून वापरीत होता.

एकाला ते पान लाखो डॉलरचे, दुसऱ्याला कापायची फळी, आणि त्या अनाम दात्याला ते सर्वांचे वाटले. हे तिन्ही शेजारी ठेवले तर आमचा कौल दात्याच्या बाजूने पडतो. तिजोरीत गेलेले पान दोन-चार माणसे पाहतात. ग्रंथालयात गेलेल्या पानावरची पांढरी दुरुस्ती, समासातली ती सूचना आणि शाईचा असमान फटकारा कोणाही विद्यार्थ्याला अभ्यासता येतो. आपल्या जुन्या कातिबांच्या वह्या, शिळाछापाचे कागद, मासिकांच्या मुखपृष्ठांची मूळ चित्रे अजून काही घरांच्या माळ्यांवर पडून असतील. ती रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयाच्या दारी पोहोचावीत. आणि मुलाच्या दप्तरात कॉमिक सापडले तर ते जप्त करण्याआधी शिक्षकाने त्याचे शेवटचे पान एकदा स्वतः वाचावे.