भांडण चेहऱ्यांचे, जखम कथेला

रिक रिऑर्डनच्या कादंबऱ्यांतला पर्सी जॅक्सन काळ्या केसांचा आणि हिरव्या डोळ्यांचा आहे. २०२२च्या एप्रिलमध्ये डिस्नीच्या मालिकेसाठी वॉकर स्कोबेल या सोनेरी केसांच्या मुलाची निवड जाहीर झाली. काही वाचक कुरकुरले आणि विषय तिथेच मिटला. पुढच्याच महिन्यात ॲनाबेथच्या भूमिकेसाठी लिया जेफ्रीजचे नाव आले. पुस्तकातली ॲनाबेथ सोनेरी केसांची, लिया कृष्णवर्णीय. या वेळी मात्र आकाशपाताळ एक करण्यात आले. ‘मूळ पुस्तकाशी इमान राखा’ असा घोष करत लोक बारा वर्षांच्या मुलीच्या मागे हात धुऊन लागले. शेवटी रिऑर्डन यांना स्वतः जाहीरपणे लिहावे लागले की लिया हीच माझी ॲनाबेथ आहे आणि केवळ रंगावरून तिला नाकारणे हा वंशद्वेष आहे.

पुस्तकातले वर्णन दोघांच्याही बाबतीत बाजूला ठेवले गेले होते. पुस्तकनिष्ठा हेच खरे कारण असते, तर राग दोघांच्या वाट्याला सारखा आला असता. तो तसा आला नाही, आणि त्यामुळे अद्भुतकथांच्या रूपांतरांबद्दल बोलताना पहिली गोष्ट मान्य करावी लागते : निष्ठेच्या नावाखाली होणाऱ्या गदारोळाचा मोठा भाग निष्ठेचा नसतोच.

तरीही चाहत्यांच्या प्रतिक्रिया केराच्या टोपलीत टाकाव्यात असे मला वाटत नाही. हजार-हजार पानांचे खंड चार-चार वेळा वाचलेली ही माणसे आहेत. कोणत्या प्रसंगाचा धागा पुढे कुठे जाऊन गुंततो, हे त्यांना अनेकदा पटकथाकारांपेक्षा जास्त ठाऊक असते. अडचण वेळेची आहे. मालिकेची पहिली बातमी येते ती पात्रनिवडीची. हाती असतो फक्त एका नटाचा फोटो, आणि कथा पडद्यावर यायला दोन-दोन वर्षे असतात. सगळा राग त्या फोटोवर निघतो, त्यात वर्णद्वेष्टे मिसळतात आणि चाहत्यांची पत तिथेच संपते. मग पटकथेत खरी मोडतोड होते तेव्हा जाणता वाचक ओरडला, तरी त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणी उरलेले नसते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११ मध्ये सुरू झाल्यानंतर या प्रकारात अफाट पैसा आला, मोठमोठे नट आले. कथेबद्दलचा संवाद मात्र दिवसेंदिवस मुका होत गेला.

‘द व्हील ऑफ टाइम’चे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. रॉबर्ट जॉर्डन यांची ही चौदा खंडांची कादंबरीमाला १९९० ते २०१३ या काळात आली. २००७ मध्ये जॉर्डन गेले आणि शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केले. ॲमेझॉनने २०१९ मध्ये मुख्य नट जाहीर केले तेव्हा आक्षेप असा होता : टू रिव्हर्स हा जगापासून शतकानुशतके तुटलेला आडवळणाचा प्रदेश, मग तिथे इतक्या वेगवेगळ्या वर्णांची माणसे आली कुठून? प्रश्न वावगा नाही. पण पुस्तकातली खूण काय आहे ते पाहा. तिथले बहुतेक लोक काळ्या केसांचे, गडद डोळ्यांचे. नायक रँड तेवढा उंच, करड्या डोळ्यांचा, तांबूस केसांचा. तो गावात उठून दिसतो आणि त्याच्या जन्माचे रहस्य याच वेगळेपणात दडलेले आहे. पडद्यावरचा रँड, योशा स्ट्राडोव्स्की, गोरा, उंच, तांबूस केसांचा आहे. त्याच्याभोवती मार्कस रदरफर्ड, झोई रॉबिन्स आणि मॅडलिन मॅडन हे वेगवेगळ्या वर्णांचे नट आहेत. जॉर्डन यांनी केसांवर आणि डोळ्यांत ठेवलेली खूण इथे पहिल्याच दृश्यात नजरेत भरते. ज्या निवडीवर सर्वाधिक तोंडसुख घेतले गेले, तिने कथेची किल्ली सांभाळली होती.

किल्ली हरवली ती नंतर. २०२१च्या नोव्हेंबरात आलेल्या पहिल्याच भागात पेरिन या तरुण लोहाराला बायको दाखवली आहे. गावावर ट्रॉलॉक हे राक्षस तुटून पडतात आणि त्या धुमश्चक्रीत त्याच्याच कुऱ्हाडीच्या घावाने ती मरते. पुस्तकात या टप्प्यावर पेरिन अविवाहित आहे. आडदांड शरीराचा, पण हळू बोलणारा, प्रत्येक हालचाल तोलून करणारा. आपल्या ताकदीने चुकून कोणाला इजा होईल, ही भीती त्याच्या मनात लहानपणापासून आहे. त्याच्या हातात कधी कुऱ्हाड असते, कधी हातोडा. मारणारे हत्यार की घडवणारे अवजार, हा त्याचा झगडा जॉर्डन यांनी खंडामागून खंड सावकाश पिकवला. दहाव्या खंडात तो कुऱ्हाड फेकून देतो तेव्हा त्या एका कृतीमागे वाचकाने त्याच्यासोबत काढलेली हजारो पाने उभी असतात. मालिकेने ही सगळी वाट पन्नास मिनिटांत कापली. बायकोला ना स्वभाव दिला, ना ओळख. नवऱ्याला दुःख मिळावे एवढ्यासाठी तिला आणले आणि मारले. पुढे त्या दुःखाचे काय करायचे हे लेखकांनाही सुचलेले दिसत नाही. पेरिन भागामागून भाग गप्प चालत राहतो. सँडरसन मालिकेचे सल्लागार होते. हा बदल आपल्याला पटला नव्हता आणि बायकोऐवजी पेरिनचा गुरू, लोहार लुहान, दाखवावा असे आपण सुचवले होते, हे त्यांनी उघड सांगितले. तो पर्याय किती नेमका होता! शिकवणाऱ्याच्या मृत्यूने अपराधगंडही आला असता आणि हातोड्याचा वारसाही.

या टीकेत रंगाचा संबंधच नव्हता. पण दोन वर्षे चाललेल्या आधीच्या आरडाओरड्यामुळे तीही त्याच पोत्यात भरली गेली.

‘द विचर’मध्ये हेच निराळ्या वाटेने घडले. आंद्रेय सापकोव्स्की यांची येनेफर फिकट कांतीची, जांभळ्या डोळ्यांची. भूमिका मिळाली ॲन्या चलोत्राला. तिचे वडील भारतीय, त्यामुळे आपल्याकडे कौतुक झाले आणि पाश्चात्त्य चाहत्यांत कुजबुज. २०१९च्या डिसेंबरात पहिले पर्व आले आणि तिने कुजबुज बंद पाडली. कुबड असलेल्या अवमानित मुलीपासून सत्तेच्या दरबारातल्या जादूगारणीपर्यंतचा प्रवास तिने ज्या तडफेने केला, तो या प्रकारातल्या उत्तम कामांपैकी आहे. दुसऱ्या पर्वात लेखकांनी तिचेच पात्र मोडले. ‘ब्लड ऑफ एल्व्ह्ज’च्या शेवटच्या प्रकरणात येनेफर सिरी या मुलीला शिकवते आणि शिकवता शिकवता त्या दोघी मायलेकी होतात. सापकोव्स्कींच्या साऱ्या लेखनातला हा सर्वांत ऊबदार भाग. मालिकेत येनेफर आपली गेलेली शक्ती परत मिळावी म्हणून याच मुलीला राक्षसिणीच्या हवाली करायला निघते. त्याच पर्वात नायक गेराल्टचा बालपणापासूनचा सोबती एस्केल दुसऱ्याच भागात मारला जातो. पुस्तकातला त्याचा समंजसपणा प्रेक्षकाला कळण्याआधीच. पुढे हेन्री कॅव्हिलने गेराल्टची भूमिका सोडली, लियम हेम्सवर्थ आला, आणि पुन्हा वाद पेटला तो चेहऱ्याचाच.

पात्रनिवडीने कथेचे कधीच बिघडत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. उर्सुला ली गुईन यांच्या ‘अर्थसी’ची कहाणी त्यासाठी आठवावी. १९६८ मध्ये, अद्भुतकथेतला नायक गोराच असणार हे गृहीत असताना, त्यांनी गेड हा तांबूस-तपकिरी वर्णाचा नायक जाणीवपूर्वक निर्माण केला. त्यांच्या द्वीपसमूहातले बहुसंख्य लोक सावळे-काळे आणि चाल करून येणारे कार्गाडचे लोक गोरे. २००४च्या डिसेंबरात साय-फाय वाहिनीने मालिका दाखवली त्यात गेड गोरा, त्याच्या भोवतालचे बहुतेक सगळे गोरे. ली गुईन यांनी त्यावर कडक शब्दांत लेख लिहिला. इथे रंग बदलला म्हणजे लेखिकेने केलेले मूळ कामच पुसले गेले.

त्याच मालिकेतली दुसरी चूक मला तितकीच जीवघेणी वाटते. अर्थसीमध्ये प्रत्येकाचे खरे नाव गुप्त असते. ज्याला ते कळते त्याची त्या माणसावर सत्ता चालते. म्हणून जग नायकाला स्पॅरोहॉक म्हणून ओळखते आणि ‘गेड’ हे नाव तो फक्त जिवाभावाच्या माणसांना सांगतो. मालिकेने या दोन नावांची अदलाबदल केली. गुप्त नाव सर्रास हाका मारायला वापरले आणि हाकेचे नाव गुप्त ठरवले. असा ध चा मा झाल्यावर त्या जगातली जादूच उरत नाही. पुस्तकात एक मित्र दुसऱ्याला आपले खरे नाव सांगतो तेव्हा तो आपला जीव त्याच्या हातात देत असतो, हे पडद्यावर कळायला वावच ठेवला नव्हता.

आता याउलट गोष्ट. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’मध्ये २०२२ साली वेलॅरियन घराणे कृष्णवर्णीय दाखवले तेव्हा कॉर्लिसची भूमिका करणाऱ्या स्टीव्ह टूसाँला बरेच सोसावे लागले. ड्रॅगन चालतात, पांढरे केस आणि जांभळे डोळे चालतात, पण श्रीमंत काळा माणूस चालत नाही, असे तो म्हणाला आणि ते खरेच होते. या निवडीचा कथेवर झालेला परिणाम मात्र फार थोड्यांनी नीट पाहिला. राजकन्या रेनिराचा नवरा लेनॉर वेलॅरियन. तिची मुले मात्र हार्विन स्ट्राँगची असल्याचा दरबाराला संशय. पुस्तकात पुरावा आहे मुलांच्या तपकिरी केसांचा, आणि त्यालाही पळवाट आहे, कारण लेनॉरच्या आजोळी काळे केस आहेत. पडद्यावर ती पळवाट बंद होते. प्रत्येक चौकटीत सत्य डोळ्यांसमोर उभे आणि आजारी व्हिसेरिस राजा ते पाहायला तयार नाही. भर दरबारात वेमंड वेलॅरियन ते सत्य उच्चारतो आणि पुढच्या क्षणी त्याचे डोके उडते. सर्वांना दिसणारी गोष्ट बोलायची नाही, हे सत्तेचे रूप त्या दृश्यात जितके अंगावर येते तितके पुस्तकात येत नाही. संदिग्धता गेली हे नुकसान आहेच; पण बदल्यात जे मिळाले ते मला मोठे वाटते.

त्याच मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, २०२४ मध्ये, मेलॉर नावाचे लहान मूल वगळले गेले. पुस्तकात मारेकरी हेलेना राणीला दोन मुलांपैकी कोणाला मारायचे ते निवडायला लावतात. ती धाकट्या मेलॉरचे नाव घेते आणि ते थोरल्याला मारतात. जगलेल्या मुलाकडे पाहण्याचे धैर्य तिला उरत नाही. पडद्यावर धाकटा नाहीच, त्यामुळे निवडही नाही आणि जन्मभराची ती जळणही नाही. सप्टेंबरमध्ये स्वतः जॉर्ज मार्टिन यांनी यावर जाहीर लिहिले : एक पात्र काढले की पुढच्या घटना एकामागून एक ढासळतात. तो मजकूर थोड्याच वेळात काढून टाकण्यात आला. मूळ लेखकाची ही अवस्था, तर वाचकाची काय कथा!

निर्मिती कंपन्यांना हा गोंधळ सोयीचाच पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ २०२२च्या सप्टेंबरात आली तेव्हा इस्माएल क्रूझ कॉर्डोवा, सोफिया नॉमवेटे, लेनी हेन्री यांच्यावर घाणेरडे हल्ले झाले. टोलकिनच्या चित्रपटांतले जुने हॉबिट नट त्यांच्या पाठीशी उघडपणे उभे राहिले, हे फार चांगले झाले. ॲमेझॉनने प्रेक्षकांचे अभिप्राय ७२ तास रोखून धरले. तेही समजण्यासारखे आहे. पण त्यानंतर मालिकेवरची कोणतीही टीका द्वेष्ट्यांच्या खात्यात जमा होऊ लागली. सुक्याबरोबर ओलेही जळाले. टोलकिनच्या दुसऱ्या युगाची लांबी जवळजवळ साडेतीन हजार वर्षे. मुद्रिका घडवल्यानंतर सतराशेहून अधिक वर्षांनी न्यूमेनॉर हे माणसांचे बेट-राज्य बुडते. मधल्या पिढ्यांमध्ये एल्फांचे अमरत्व पाहून तिथल्या माणसांच्या मनात मृत्यूची भीती हळूहळू मुरत जाते. त्या भीतीनेच ते राज्य आतून कुजते. मालिकेने हे सारे एका माणसाच्या आयुष्यात कोंबले. परिणामी न्यूमेनॉरचे लोक एल्फांवर रोजगाराच्या धास्तीने चिडलेले दिसतात. एल्फाची भूमिका कोणत्या वर्णाच्या नटाने केली यापेक्षा हे कितीतरी पटींनी गंभीर होते. अभ्यासू वाचकांनी ते बोलूनही दाखवले, पण ते ऐकू जाण्यासारखी शांतता तेव्हा कुठेच नव्हती.

‘द व्हील ऑफ टाइम’ने तिसऱ्या पर्वात स्वतःला सावरले. रुइडियनच्या भागात स्ट्राडोव्स्कीने रँडच्या पूर्वजांच्या भूमिका स्वतःच केल्या, एकेक पिढी मागे जात. जॉर्डन यांच्या लेखनातला सर्वांत अवघड भाग असा पडद्यावर येईल असे मला वाटले नव्हते. भारतीय अभिनेत्री प्रियांका बोसने साकारलेली अलाना याच पर्वात भरात आली. आणि २०२५च्या मे महिन्यात मालिका बंद झाल्याची घोषणा झाली.

आता पाळी हॅरी पॉटरची आहे. एचबीओच्या मालिकेत स्नेपच्या भूमिकेसाठी पापा एसीडूची निवड २०२५च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली आणि ठरल्याप्रमाणे फोटोवर भांडण जुंपले. पुस्तकातला स्नेप कथेच्या सुरुवातीला एकतीस वर्षांचा आहे. पहिल्या चित्रपटाच्या वेळी स्नेप साकारणारे ॲलन रिकमन पंचावन्न वर्षांचे होते आणि तो बदल आपण सगळ्यांनी डोक्यावर घेतला. एसीडू वयाने स्नेपच्या कितीतरी जवळ आहे, नट म्हणून तर कसलेला आहे. मला उत्सुकता आहे ती पाचव्या पुस्तकातल्या एका प्रसंगाची. जेम्स पॉटर, जुन्या श्रीमंत घरातला लाडका मुलगा, सर्वांसमोर स्नेपला उलटा लटकवतो आणि बघे हसतात. लटकलेला मुलगा काळा असला की त्या हसण्याचा अर्थ तोच राहत नाही. त्याच प्रसंगात स्नेप लिलीला, म्हणजे हॅरीच्या भावी आईला, तिच्या जन्मावरून शिवी देतो. तिचाही अर्थ बदलतो. लेखकांना हे टाळता येणार नाही. त्यांनी जेम्सला सौम्य केले, तर हॅरीला वडिलांची वाटणारी शरम खोटी पडेल. आहे तसे ठेवून नजर वळवली, तर प्रेक्षकाला ती चलाखी कळेल. एसीडूला निवडताना या दृश्याचा विचार झाला होता का, हे ते दृश्य लिहिले जाईल तेव्हा दिसेल, आणि त्या दिवशी जाब विचारायचा असेल तर तो नटाला नव्हे, लेखकांना विचारावा लागेल.