फलक, चिन्ह आणि चिन्हाचे नाव : बीड मतदारसंघातील एक उदाहरण

निवडणुकीच्या फलकांविषयी दोन समजुती रूढ आहेत. फलक जितका आधी लागेल तितका त्याचा परिणाम अधिक, ही पहिली. फलक हा डोळ्यांचा विषय असून त्यावरील चित्र मनावर ठसले म्हणजे त्याचे कार्य संपले, ही दुसरी. दोन्हींत तथ्य आहे. परंतु दोन्ही अपुऱ्या आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीड मतदारसंघात जे घडले, त्यावरून हे अपुरेपण स्पष्ट होते.

फलकांच्या परिणामाचा पद्धतशीर अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेत झाला आहे. तेथे घरापुढील हिरवळीवर उमेदवाराच्या नावाच्या लहान पाट्या रोवतात. डोनाल्ड ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चार क्षेत्रीय प्रयोगांत अशा पाट्यांमुळे मतांत सरासरी सुमारे १.७ टक्क्यांची वाढ आढळली. परिणाम अल्प, पण चुरशीच्या लढतीत निर्णायक ठरू शकेल असा. तथापि हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावणे युक्त होणार नाही. तेथील पाटीवर जे नाव असते, तेच मतपत्रिकेवर वाचावयाचे असते. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून चिन्ह हाच मतदानाचा मुख्य आधार राहिला. त्यामुळे फलकावरील चित्र आणि मतदान-यंत्रावरील चित्र यांच्या मध्ये आणखी एक दुवा येतो, आणि तो म्हणजे चिन्हाचे बोलले जाणारे नाव. फलक पाहिला जातो. चिन्ह मात्र तोंडातोंडी पसरते.

केज हा बीड लोकसभा मतदारसंघातील एक विधानसभा विभाग. राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उमेदवार बजरंग सोनवणे हे केज तालुक्यातीलच. २०१९ मध्येही त्यांनी येथूनच लोकसभा लढविली होती. त्या वेळी त्यांचे चिन्ह होते ‘घड्याळ’. केजमध्ये त्यांची ओळख करून देण्यासाठी फलकाची गरज नव्हती. गरज होती ती नव्या चिन्हाची ओळख करून देण्याची; कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाच्या निर्णयाने ‘घड्याळ’ दुसऱ्या गटाकडे गेले होते. २२ फेब्रुवारी रोजी पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले. बीडचे मतदान १३ मे रोजी झाले. म्हणजे चिन्हाच्या प्रसारास ८१ दिवस मिळाले.

याच निवडणुकीत एका अपक्ष उमेदवारास मुक्त चिन्हांपैकी ‘ट्रम्पेट’ हे वाद्य मिळाले. मराठीत त्याचे नाव ‘तुतारी’ असे देण्यात आले. अपक्षाचे चिन्ह अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यानंतरच निश्चित होते. ती मुदत २९ एप्रिलला संपली. मतदानापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार बंद असतो. तो काळ वजा केला तर या चिन्हाच्या वाट्याला जेमतेम १२ दिवस येतात. तरीही त्या उमेदवारास ५४,८५० मते पडली. सोनवणे विजयी झाले ते ६,५५३ मतांनी.

‘जितका आधी फलक तितका परिणाम’ हे सूत्र खरे मानावे, तर बारा दिवसांच्या चिन्हाला एवढी मते पडण्याचे कारण सापडत नाही. कारण शोधावयाचे ते नावात. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ ही तीन शब्दांची रचना आहे. व्याकरणदृष्ट्या तिचे प्रधान पद ‘माणूस’. उरलेले दोन शब्द त्याचे विशेषण. परंतु बोलभाषा प्रधान पद जपत नाही, भेदक पद जपते. माणूस कोठेही असतो, तुतारीच वेगळी. ‘कमळ’, ‘घड्याळ’, ‘मशाल’ अशा एकशब्दी चिन्हांच्या पंक्तीत बसताना या चिन्हाचेही ‘तुतारी’ असे संक्षिप्त रूप झाले, हे भाषेच्या स्वभावाला धरूनच होते. केशवसुतांच्या कवितेमुळे त्या शब्दाला आधीच वजन होते. साहजिकच प्रचारानेही तोच उचलला.

आता ‘तुतारी’ हा शब्द कानात घेऊन यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या मतदाराचा विचार करावा. एका बटणाशेजारी वाद्य वाजविणारा माणूस आहे, दुसऱ्या बटणाशेजारी केवळ वाद्य आहे. यंत्रावर चिन्हाचे नाव छापलेले नसते. अशा वेळी ऐकलेल्या शब्दाशी अधिक तंतोतंत जुळते ते दुसरे चित्र. ही चूक अडाणीपणाची नव्हे. शब्दाचा अर्थ नीट लावल्यामुळे घडणारी ती चूक आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, अपक्षाची मते त्याची स्वतःचीही असू शकतील. सर्वच मते नजरचुकीची मानणे अतिव्याप्तीचे होईल, हे मान्य केले पाहिजे. परंतु शेजारची उदाहरणे पाहावीत. दिंडोरीत याच चिन्हाच्या अपक्षाला १,०३,६३२ मते मिळाली; तेथे मात्र दोन्ही उमेदवारांचे आडनाव ‘भगरे’ असल्याने गोंधळ नावाचा की चिन्हाचा, हे वेगळे काढता येत नाही. बीड आणि सातारा येथे आडनावांत साम्य नव्हते. साताऱ्यात या चिन्हाला ३७,०६२ मते पडली आणि पक्षाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पराभूत झाला. नावाचे साम्य वगळले तरी परिणाम उरतो. म्हणून तो चिन्हाच्या नावाचा मानणे भाग आहे.

आचारसंहितेचाही येथे विचार केला पाहिजे. १६ मार्चला निवडणूक जाहीर झाली. त्यानंतर शासकीय मालमत्तेवरील राजकीय फलक २४ तासांत, सार्वजनिक जागांवरील ४८ तासांत आणि खाजगी जागांवरील अनधिकृत फलक ७२ तासांत उतरवावे लागतात. विद्रूपीकरण रोखण्याच्या दृष्टीने हा नियम इष्टच आहे. पण त्याचा एक अलक्षित परिणाम असा की, नवे चिन्ह डोळ्यांत रुजण्याच्या काळातच चित्र विरळ होते आणि शब्द मात्र भाषणांतून, घोषणांतून, चहाच्या टपरीवरील बोलण्यातून अव्याहत चालू राहतो. जुन्या चिन्हाला याने बाधा येत नाही, कारण तेथे शब्द आणि चित्र यांची गाठ पिढ्यांनी बांधलेली असते. बाधा येते ती नव्या चिन्हाला.

तेव्हा फलकाचा काळ मोजताना तो किती दिवस उभा होता एवढेच पाहणे पुरेसे नाही. त्या दिवसांत त्याने चित्र आणि नाव यांची गाठ बांधली काय, हे पाहिले पाहिजे. मुक्त चिन्हांच्या यादीला मराठी नावे देणे हे वरवर पाहता भाषांतराचे किरकोळ काम. परंतु मान्य पक्षाच्या चिन्हाचे बोलीतील रूप लक्षात न घेता ते केले, तर एकाच्या ८१ दिवसांच्या प्रचाराचे पीक दुसऱ्याच्या बारा दिवसांच्या चिन्हाच्या पदरात पडते. अशा प्रसंगी उमेदवाराचे नुकसान होते ते होतेच. त्याहून मोठे नुकसान ज्याचे मत त्याच्या इच्छेविरुद्ध मोजले गेले त्या मतदाराचे होते, आणि ते कोणत्याही निकालपत्रात नोंदले जात नाही.