सेवाचरित्र आणि पोथीचा सांचा

बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवास चरित्रवाङ्मयाची एक बळकट परंपरा आहे. १८७८ सालीं गजानन महाराज तेथें प्रकट झाले आणि १९३९ सालीं दासगणूंनीं त्यांची एकवीस अध्यायांची ओवीबद्ध पोथी रचली. वऱ्हाडांत घरोघरीं तिचें पारायण होतें. त्याच शेगांवीं १९६० सालीं जन्मलेल्या डॉ. रवींद्र कोल्हे यांची कथा हल्लीं इतक्या वेळां सांगितली जाते कीं तीही पोथीच्या वळणावर चालली आहे, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. त्यांच्यावर मृणालिनी चितळे यांचें ‘मेळघाटावरील मोहर’ हें स्वतंत्र पुस्तक आहे. आमचें बोलणें त्या एका पुस्तकाविषयीं नसून २०१९ च्या पद्मश्रीनंतर लेखांतून व व्याख्यानांतून रूढ झालेल्या कथनाविषयीं आहे. पोथीविषयीं आमचा अनादर नाहीं; तिचा हेतु निराळा, तिचा श्रोताही निराळ्या मनःस्थितींत बसलेला. वैद्याच्या चरित्रास मात्र तो सांचा मानवत नाहीं.

कथेचे ठरलेले टप्पे वाचकांस पाठच असतील. वडील रेल्वेंत नोकरीस, घरची परिस्थिति बेताची. नागपुरास वैद्यकीचें शिक्षण. गांधी-विनोबांच्या विचारांचा संस्कार. १९८५ सालीं पदवी आणि मग मेळघाटांतील बैरागड. चाळीस किलोमीटरांची पायपीट, तपासणीस दोन रुपये, फेरतपासणीस एक रुपया, लग्नासाठीं घातलेल्या चार अटी. हे प्रसंग हृद्य आहेत. पण कथेकरी तेथेंच रेंगाळतो, आणि एक रुपयाचें नाणें इतकें लखलखतें कीं त्यामागचा वैद्य दिसेनासा होतो.

या माणसाची श्रद्धा कोठें दिसते, असें कोणीं विचारलें तर आम्ही त्यागाच्या यादीकडे बोट दाखविणार नाहीं. बैरागडास जाण्यापूर्वी त्यांनीं एका अनुभवी डॉक्टरांस विचारलें कीं, जेथें कांहींच साधन नाहीं तेथें काम करावयाचें तर काय यावयास हवें? सोनोग्राफी व रक्तपुरवठा नसतां बाळंतपण करणें, क्ष-किरणाचें चित्र नसतां न्यूमोनिया ओळखणें आणि अतिसार बरा करणें, अशा तीन गोष्टी त्यांस सांगण्यांत आल्या. सहा महिने मुंबईस राहून त्या त्यांनीं शिकून घेतल्या. पुढें स्फोटांत हात गमावलेला एक मनुष्य त्यांच्याकडे आला, तेव्हां आपलें ज्ञान अपुरें आहे हें त्यांनीं ओळखलें व एम.डी. करण्यासाठीं ते पुन्हा महाविद्यालयांत गेले. पोथींतला सत्पुरुष कधीं शिकावयास परत जात नाहीं. हा गेला! कथेकरी मात्र ही गोष्ट दोन ओळींत उरकतो.

त्या अभ्यासांतून निघालें तें कोणत्याही चमत्काराहून विचार करावयास लावणारें आहे. कोरकूंचीं मुलें न्यूमोनियानें, हिंवतापानें व अतिसारानें दगावत होतीं, आणि त्यांच्या मुळाशीं अन्न नव्हतें, हिंवाळ्यांत अंगावर वस्त्र नव्हतें, शेतीचा हंगाम सरल्यावर हाताला काम नव्हतें. हजारीं दोनशें असलेलें बालमृत्यूंचें प्रमाण चाळिसांवर आलें असें सांगतात. तें केवळ औषधाच्या बाटलीनें आलें नसावें. डॉक्टर शेती शिकले, गुरांचे रोग शिकले, कुटुंबानें स्वस्त धान्याचें दुकान चालविलें. त्या दुकानावर एक अख्खें प्रकरण असावें अशी आमची फार इच्छा आहे. शिधा वेळेवर व पुऱ्या मापानें मिळणें आणि मूल जगणें यांचा संबंध दाखवावयाचा तर चरित्रकारास हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागतील. अश्रूंनीं तें काम होत नाहीं.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचें ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हें आत्मचरित्र या बाबतींत अधिक मोकळें आहे. गरिबीचे चटके त्यांतही आहेत. पण महाडकडील विंचूदंशावर प्राझोसिन हें औषध उपयोगी पडतें, हें १९८६ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें मांडणारा शोधक तेथें स्वतःच्या तोंडानें बोलतो, त्याला कोणीं देव्हाऱ्यांत बसविलेला नाहीं.

डॉ. स्मिता कोल्हे यांच्यावर तर या सांच्यानें अन्यायच केला आहे. नागपुरांतील चालता व्यवसाय सोडून आलेली ही बाई बहुतेक कथनांत चार अटी मान्य करणारी वधू म्हणूनच उभी राहते. बैरागडांत पतीच्या हातून त्यांचें बाळंतपण झालें; मूल अत्यवस्थ झालें; आणि गांवच्या मुलांवर होतात तेच उपचार याच्यावर येथेंच होतील, असा निर्णय त्यांनीं घेतला. मूल वांचलें म्हणून व्याख्यानांत येथें टाळ्या पडतात. आम्हांस टाळी वाजवितां येत नाहीं. त्या रात्रीं त्या मातेच्या मनांत काय चाललें असेल, तो निर्णय बरोबर होता काय, आणि मूल गेलें असतें तर आपण तीच कथा कोणत्या तोंडानें सांगितली असती, हे प्रश्न चरित्रकारानें वाचकापुढें ठेवावयास हवेत. त्यांचें उत्तर त्यानेंच दिलें पाहिजे असा आमचा आग्रह नाहीं.