पाहुण्याचा डाव

साहित्यातील जुगारी आपल्याला बहुधा त्याच्या अखेरीच्या अवस्थेत भेटतो. घर गहाण पडलेले असते, पत्नी माहेरी गेलेली असते आणि सावकार दारात उभा असतो. समीक्षकांची दृष्टीही या अखेरीवरच खिळते. कारण सर्वनाशात नाट्य असते आणि त्यातून बोधही आयता मिळतो. आरंभाकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. तो आरंभ हसतखेळत होतो, मित्रांच्या संगतीत होतो आणि पुष्कळदा त्याचे नावच 'सहल' असे असते. प्रस्तुत लेखात या पहिल्या सहलीकडे साहित्याच्या अंगाने पाहण्याचा विचार आहे.

विषय वाटतो तितका दूरचा नाही. नरडाणा हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे गाव. कापसाचा मुलूख, शेजारी औद्योगिक वसाहत. अशा गावातला पगारदार किंवा व्यापारी तरुण मोबाईलवर पोकर शिकतो, चार मित्रांत बऱ्यापैकी खेळतो आणि दिवाळीनंतर गोव्याची सहल ठरवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पणजीसमोर मांडवीत नांगरलेली जुगाराची जहाजे मात्र त्याने हलली नाहीत. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोविषयी कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्दच झाला. म्हणून खानदेशातल्या हौशी खेळाडूची वाट गोव्याकडेच जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कॅथोलिक नीतिशास्त्र नशिबाच्या खेळाला मुळातच अन्याय्य ठरवीत नाही. स्वतःच्या व आश्रितांच्या गरजेचे जे आहे ते खेळामुळे हिरावले जाते, किंवा खेळाची ओढ माणसाला दास बनविते, तेव्हा तो अग्राह्य ठरतो, असे १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथातही सांगितले आहे. तेव्हा 'खेळला म्हणजे पापी' असे सोपे उत्तर आपल्या हाती नाही. नियम जेथे थांबतो तेथून पुढे माणूस कसा सरकतो, हे पाहण्याचे काम साहित्याचे आहे.

हौशी खेळाडूच्या पहिल्या सहलीचे सर्वांत जुने आणि सर्वांत नेमके चित्र महाभारताच्या सभापर्वात आहे, असे माझे मत आहे. धर्मराजाला आपण जुगाराचे बळी म्हणतो; पण व्यासांनी त्याला आधी पाहुणा म्हणून रंगविले आहे. धृतराष्ट्र विदुराकरवी निमंत्रण पाठवितो: नवी सभा बांधली आहे, ती पाहावयास या, आप्तांबरोबर मैत्रीचा डावही होईल. युधिष्ठिराला खेळाची आवड आहे पण खेळता येत नाही आणि बोलावल्यावर तो नाही म्हणणार नाही, हे शकुनीने आधीच हेरले आहे. हौशी खेळाडूची याहून अचूक व्याख्या आजवर कुणी केली असेल असे वाटत नाही. द्यूत हे कलहाचे मूळ आहे हे युधिष्ठिर जाणतो आणि तसे बोलूनही दाखवितो. दुर्योधनाने पण लावायचा आणि शकुनीने फासे टाकायचे, ही रीत त्याला खटकते. तीही तो बोलून दाखवितो आणि तरी खेळावयास बसतो. त्याच्या या बसण्यामागे लोभ नाही. पाहुण्याने यजमानाचा मान राखायचा असतो, हा संस्कार आहे. त्याची मर्यादाशीलताच त्याला पटापाशी ओढून नेते. व्यासांची दृष्टी एवढ्यावर थांबत नाही. सर्वस्व हरल्यानंतर धृतराष्ट्र ते परत करतो. पांडव घरच्या वाटेला लागतात, वाटेत पुन्हा बोलावणे येते आणि युधिष्ठिर पुन्हा माघारी वळतो. हाती सर्व परत आलेले असताना वळतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याला ओढणारी वस्तू धन नव्हे, आमंत्रण आहे.

हेच सत्य एकोणिसाव्या शतकातल्या एका रशियन कादंबरीत वेगळ्या वेषात भेटते. दोस्तोयेव्हस्कीने 'जुगारी' ही कादंबरी ऑक्टोबर १८६६ मध्ये, प्रकाशकाने घातलेली मुदत गाठण्यासाठी, २६ दिवसांत सांगून लिहवून घेतली. लिहून घेणारी तरुण लघुलेखिका आन्ना पुढे त्याची पत्नी झाली. लेखक स्वतः रूलेटच्या टेबलाशी होरपळलेला होता आणि त्यातून तो १८७१ साली सुटला. कादंबरीचा निवेदक अलेक्सेई आणि त्याची पोलिना यांच्या प्रेमाच्या गुंत्यावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे. माझ्या मते कादंबरीचा कळस त्या प्रेमकथेत नसून मॉस्कोहून आलेल्या आजीबाईंच्या प्रकरणात आहे.

या आजीबाई पंच्याहत्तरीच्या, चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या, तल्लख, हिशेबी आणि फटकळ. नातेवाईक त्यांच्या मृत्यूच्या तारेची वाट पाहत असतात आणि त्या स्वतःच रूलेटेनबर्ग या कल्पित नगरात येऊन थडकतात. जुगारगृह पाहावे एवढेच त्यांच्या मनात असते. तेथे त्यांना वाट करून देतात, मानाची जागा देतात. रूलेटच्या चक्रात ३७ घरे, आणि नेमक्या घरावर लावलेल्या पैशास लाभ ३५ पट. उरलेल्या फरकावर मालकाचा संसार चालतो. आजीबाई शून्यावर पैसे लावतात आणि जिंकतात. ते जिंकणे हेच संकट आहे, हे लेखक कोठेही उपदेश न करता दाखवितो. पुढे त्या सारे घालवितात आणि परतीच्या प्रवासासाठी एका इंग्रज गृहस्थाकडून पैसे उसने घेतात. निघताना त्यांना आठवते ती एक जुनी प्रतिज्ञा: आपल्या गावचे लाकडी चर्च दगडी बांधून देण्याची. त्या पैशाचे येथे काय झाले, हे त्या स्वतःच बोलून दाखवितात.

ही स्त्री मॉस्कोत एक रूबलही वाया जाऊ देणार नाही. मग दोन दिवसांत असे काय झाले? माझे उत्तर असे आहे की ती पाहुणी झाली. घरी तिच्या पैशाला नावे होती: हा चर्चचा, हा नोकरांचा, हा नातवंडांचा. परगावी, पाहुणचारात, ती नावे पुसली गेली आणि पैसा नुसता पैसा उरला. रूलेटेनबर्ग हे सुट्टीचे गाव आहे. तेथे सोमवार उजाडत नाही. अलेक्सेई तर पुढे या सुट्टीतच कायमचा अडकतो आणि उद्या सर्व संपेल असे स्वतःला सांगत राहतो.

आधुनिक पोकरवरील पुस्तकांकडे वळल्यास एक उणीव चटकन जाणवते. अमेरिकन लेखक जेम्स मॅकमॅनस २००० साली एका मासिकाच्या वतीने वार्तांकनासाठी लास व्हेगासला गेला, मिळालेल्या आगाऊ मानधनातून जागतिक स्पर्धेत उतरला आणि ५१२ खेळाडूंत पाचवा आला. त्याचे पुस्तक २००३ साली निघाले. कोल्सन व्हाइटहेड या कादंबरीकाराचा २०११ च्या स्पर्धेतला प्रवेशही एका नियतकालिकाने पुरविला होता. त्यावरचे पुस्तक २०१४ साली आले. दोन्ही लेखक सरस आहेत, विनोद जाणणारे आहेत. परंतु ज्याची हार पुढे प्रकरण बनून छापली जाते, तो पूर्णपणे हरतच नाही. त्याच्या खिशात परतीचे तिकीट असते आणि डोक्यात पुस्तक. म्हणून या लेखनात जोखमीचा रंग आहे, भार नाही. आजीबाईंच्या प्रकरणात तो भार आहे.

पोकरचा कैवार घेणारे म्हणतात की हा नशिबाचा खेळ नसून कौशल्याचा आहे. त्यात तथ्य आहे. पण ते तथ्य हौशी माणसाच्या बाजूचे नाही. दोन पानांच्या १,३२६ जोड्या संभवतात. त्यांपैकी दोन एक्क्यांच्या जोड्या केवळ ६. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. नवख्याची सबंध रात्र त्यांची वाट पाहण्यात सरते. दरम्यान घरमालक डावातून आपला ठरलेला वाटा काढून घेतो. तेव्हा टेबलाभोवतालच्या साऱ्यांची बेरीज तोट्यातच राहते, आणि कौशल्य जितके खरे तितका तो तोटा अधिक नेमकेपणाने नवख्याच्या वाट्याला जातो.

गोव्याच्या कायद्याने तर ही पाहुण्याची गोष्ट उघड लिहून ठेवली आहे. तेथील १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना वाव मिळाला, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबले मांडण्याचा मार्ग खुला झाला. पुढे १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांनाच कॅसिनोत खेळण्यास मनाई लागू करण्यात आली. मोनॅकोतही तेथील नागरिकांना आपल्या जगप्रसिद्ध जुगारगृहात खेळता येत नाही. याचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा. यजमान आपल्या लेकरांना ज्या ताटावर बसू देत नाही, ते ताट तो पाहुण्यापुढे आग्रहाने वाढतो.

आता आपल्या आखाजीकडे पाहू. अक्षय्य तृतीयेचा हा सण खानदेशात मोठा. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. बहिणाबाई चौधरींनी या सणावर कविता लिहिली आहे. सालदाराचे साल याच दिवशी ठरते, आणि याच दिवसांत गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. या रुढीचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. त्या डावांतही घरे बुडाली आहेत. पण समीक्षकाने भेद पाहिला पाहिजे. आखाजीच्या डावात पाहुणा कुणीच नसतो. ज्याचे पैसे जिंकले तो उद्या बांधावर भेटणार असतो. त्याची लेक आपल्या लेकीबरोबर झोक्यावर असते. सणाला दुसरा दिवस असतो आणि त्या दिवशी सालदार कामावर येतो. जहाजावर शेजारी नाही आणि दुसरा दिवसही नाही.

याच ठिकाणी आपल्या भाषेतल्या एका प्रिय उपमेचीही परीक्षा केली पाहिजे. 'शेती म्हणजे जुगारच' असे आपण उठताबसता म्हणतो. पाऊस आणि कापसाचा भाव यांची लहर पाहता हे दुःखाचे बोल आहेत, हे मान्य. तरीही उपमा म्हणून ती खोटी आहे आणि घातकही आहे. कारण तिच्या आडून जुगाराला शेतीची प्रतिष्ठा मिळते. 'बाप दरवर्षी खेळतो, मी एक रात्र खेळलो तर काय झाले?' असा प्रश्न मुलगा विचारू शकतो. शेतकऱ्याची जोखीम निसर्गाने आणि बाजाराने लादलेली असते. भाव पडला तरी कापूस पिकलेला असतो, कुणाच्या अंगावर तो वस्त्र होऊन जातो. जुगारातली जोखीम मुद्दाम निर्माण केलेली असते आणि अखेरीस मागे काहीच पिकत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्ताच्या कवीला हा भेद ठाऊक होता. पत्नी दुरावलेला, सासूच्या तिरस्काराचा धनी झालेला तो फासेखोर आपली व्यथा गातो, आणि शेवटाकडे त्याला मिळणारा उपदेश असा की फासे सोड आणि शेत कस. तीन सहस्र वर्षांपूर्वीच्या कवीने शेतीला जुगाराची उपमा दिली नाही, जुगारावरचा उतारा म्हणून तिच्याकडे बोट दाखविले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली, मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या बक्षीस-स्पर्धांच्या खटल्यात, जुगार हा घटनेने रक्षिलेला व्यापार नव्हे असा निर्णय देताना या सूक्ताचा आधार घेतला. काव्य न्यायालयात साक्षीला उभे राहिल्याचा हा दुर्मीळ प्रसंग होय.

सुटकेचे काय? शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त त्याचेही उत्तर आहे. देवलांच्या संगीत नाटकामुळे हे कथानक मराठी रसिकांच्या परिचयाचे आहे. त्यातला संवाहक दहा सुवर्णमुद्रा हरून पळतो, जुगारगृहाचा मालक माथुर त्याच्या मागे लागतो आणि तो वसंतसेनेच्या घरात शिरतो. ती त्याचे ऋण आपले कंकण देऊन फेडते, उपदेशाचा एक शब्द न बोलता. तो भिक्षू होतो आणि पुढे तिचा जीव वाचवितो. जुगारगृहातही त्याला आत घेतले होते आणि या घरातही घेतले. पण एका घराने त्याच्या खिशाकडे पाहिले आणि दुसऱ्याने त्याच्याकडे. आतिथ्याचे खोटे आणि खरे रूप एकाच अंकात समोरासमोर ठेवणाऱ्या शूद्रकाला नाटककार म्हणून श्रेष्ठ मानण्यास मला एवढे पुरेसे आहे.

मराठी लेखकापुढे हा विषय आज उघडा आहे. खानदेशच्या एखाद्या स्थानकावरून निघालेले चार मित्र, त्यांतला थोडे बरे खेळणारा एक, जहाजावरचे अगत्याचे स्वागत, आणि पहिल्या रात्रीचा छोटासा विजय. लेखकाने त्याला लगेच बुडवू नये. त्याच्या खिशातल्या पैशाला घरी कोणकोणती नावे होती, ती त्याने आधी नीट लिहावीत: बियाण्याचे, बहिणीच्या लग्नाचे, आईच्या औषधाचे. मग त्या रात्री ती नावे एकेक करून कशी पुसली जातात, ते दाखवावे. तेवढे साधले तर अखेर वेगळी सांगावी लागणार नाही.