प्रश्न दोन, गल्लत एक

मंडळी, आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचं लेखन राहिलं बाजूला, विरोध झाला तो धर्मावरून. आपण त्यांच्या पाठीशी उभे राहिलो, योग्यच केलं.

पण ‘तू कोण?’ आणि ‘तू काय केलंस?’ हे प्रश्न वेगळे. २०१४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने मुलांवरील लैंगिक अत्याचारांबद्दल व्हॅटिकनला जाब विचारला, तो दुसरा प्रश्न. बालहक्क करार व्हॅटिकनने १९९०मध्ये स्वतःच मान्य केलेला. समितीने गर्भपाताचाही विषय काढला. व्हॅटिकन म्हणालं, हा आमच्या शिकवणुकीत हस्तक्षेप. चर्चा तिकडे वळली की मुलं मागे पडतात.

पहिल्या प्रश्नापासून आपण माणसाला वाचवू. दुसऱ्यापासून संस्थेला वाचवायचं नाही. मग देऊळ असो, मशीद असो की चर्च.