अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटच्या गृहदाहविषयक कवितेतील आसक्ती आणि समर्पण

बीजशब्द : प्रारंभीचे अमेरिकन साहित्य, प्युरिटन धर्मविचार, बायबल, द्विपदी, गृहप्रतिमा

प्रास्ताविक

अमेरिकन साहित्याच्या प्रारंभकाळात अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट (सुमारे १६१२-१६७२) हिचे स्थान महत्त्वाचे आहे. १६३० मध्ये पिता थॉमस डडली आणि पती सायमन ब्रॅडस्ट्रीट यांच्यासमवेत ती इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्स येथे आली. १६५० मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या ‘द टेन्थ म्यूझ’ या संग्रहाने तिला कीर्ती लाभली. तथापि आज ती अधिक वाचली जाते ती तिच्या कौटुंबिक व आत्मपर कवितांमुळे. १० जुलै १६६६ रोजी अ‍ॅन्डोव्हर येथील तिचे घर जळाले. त्या प्रसंगावरील कविता तिने एका सुट्या कागदावर लिहिली होती. कुटुंबात नक्कल करून जपलेली ही कविता १८६७ मध्ये जॉन हार्वर्ड एलिस याने संपादित केलेल्या आवृत्तीत छापली गेली.

या कवितेचे वाचन बहुधा दोन टोकांनी होते. एका वाचनानुसार ती ईश्वरेच्छेपुढील पूर्ण शरणागतीची कविता आहे, तर दुसऱ्यानुसार तीत श्रद्धेविरुद्धचे छुपे बंड आहे. कवितेची रचना बारकाईने पाहिली असता ही दोन्ही वाचने अपुरी ठरतात.

समर्पणानंतरचा शोक

कविता चार आघातांच्या, यमकबद्ध द्विपद्यांत रचलेली आहे. मध्यरात्रीचा आगीचा आरडाओरडा, खडबडून जागे होणे आणि ईश्वराचा धावा असा आरंभ झाल्यानंतर, जळते घर पाहवेनासे होताच निवेदिका देणाऱ्या व नेणाऱ्या ईश्वराचे नाव धन्य मानते. येथे बायबलमधील ईयोबाच्या उद्गाराचा आधार उघड आहे. हे समर्पण कवितेच्या पूर्वार्धातच येते, हे लक्षणीय होय. शरणागती हेच प्रयोजन असते, तर कविता येथेच संपली असती. प्रत्यक्षात खरा शोक यानंतर सुरू होतो.

पुढे भग्न घरावरून जाताना तिची नजर जागा ओळखत फिरते. येथे आपण बसत असू, येथे निजत असू, येथे पेटी होती, तेथे संदूक. मग ती घरालाच एकेरीत संबोधते आणि नकारांची मालिका येते. आता छपराखाली पाहुणा बसणार नाही, मेजावर कोणी जेवणार नाही, जुन्या गोष्टी निघणार नाहीत, मेणबत्ती उजळणार नाही, वराचा आवाज ऐकू येणार नाही. व्याकरणाच्या दृष्टीने प्रत्येक विधान नकारार्थी आहे, परंतु जे नाही त्याचे नाव घेताच ते वाचकासमोर उभे राहते. राख झालेले घर नकारांच्या साहाय्यानेच पुन्हा बांधले जाते.

बायबलमधील प्रतिध्वनी

मेणबत्तीचा प्रकाश आणि वराचा आवाज या दोन प्रतिमांची जोडी यिर्मयाच्या ग्रंथात (२५:१०) व प्रकटीकरणात (१८:२३) आढळते. पहिल्या ठिकाणी ती यहूदावरील ईश्वरी शिक्षेचे, तर दुसऱ्या ठिकाणी पापी बाबेल नगरीच्या विनाशाचे वर्णन करते. बायबलवर पोसलेल्या प्युरिटन वाचकाला हे संदर्भ अपरिचित नव्हते. दंडाज्ञेची ही भाषा ब्रॅडस्ट्रीट आपल्या प्रिय घराच्या विलापासाठी वापरते. त्यामुळे या ओळींत भय आणि माया एकत्र येतात. घर जळणे ही शिक्षा असू शकते हे ती जाणते, पण घराला बाबेल मानण्यास तिचे शब्द तयार होत नाहीत.

दोन घरे

‘सर्व व्यर्थ’ या उपदेशक ग्रंथातील विचारापाशी शोक थांबतो आणि ती स्वतःच्या हृदयाला दटावू लागते. घरासाठी वापरलेले एकेरी संबोधन आता हृदयाकडे वळते. यानंतर थोर शिल्पकाराने उभारलेल्या स्वर्गीय घराचे वर्णन येते. मात्र ते घरही सजवलेले आहे, विकत घेतलेले आहे, त्याची किंमत चुकती झालेली आहे. ख्रिस्ताने दिलेले मुक्तीचे मोल हा सिद्धान्त येथे गृहिणीच्या आणि व्यवहाराच्या भाषेत उतरतो. ऐहिक घराचा त्याग करण्यासाठीही तिला घराचीच प्रतिमा लागते.

अखेरीस आशा व ठेवा वर आहे, असे ती म्हणते. परंतु त्याआधी तिने जगावरील प्रेम सुटावे अशी विनवणी केली आहे. मागणे हे न लाभलेल्या गोष्टीचे असते. प्रेम सुटले असते, तर प्रार्थनेचे कारण उरले नसते.

समारोप

प्युरिटन धर्मविचारात ऐहिक गोष्टींवरील प्रेम निषिद्ध नव्हते. ते ईश्वरप्रेमाहून वरचढ होऊ नये, एवढी अपेक्षा होती. ही मर्यादा राखण्याची धडपड हाच श्रद्धावंताच्या जीवनाचा भाग होता. म्हणून कवितेतील आसक्ती श्रद्धेबाहेरची नसून श्रद्धेच्याच कसोटीचा विषय आहे. केवळ शेवटच्या ओळींवरून आशय ठरवणाऱ्या अध्यापनात पेटी, संदूक आणि मेज निसटतात. त्यांच्याविना समर्पणाची किंमतही कळत नाही. काय गमावले हे नेमके सांगितल्यामुळेच ब्रॅडस्ट्रीटची श्रद्धा विश्वसनीय वाटते.