समासातले रब्बी

अब्राहामाकडे परमेश्वर पुत्राचे बलिदान मागतो, ती कथा आगाशीतील आम्ही सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र त्या आज्ञेत आधी पुत्र, मग एकुलता, मग प्रिय आणि सर्वांत शेवटी इसहाकाचे नाव, अशी पायरी का, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही. फ्रान्समधील त्र्वा नगरीचे रब्बी शलोमो यित्झाकी, म्हणजेच राशी (१०४०–११०५), यांना तो पडला. जुन्या रब्बींच्या परंपरेस अनुसरून त्यांनी त्या प्रत्येक शब्दानंतर अब्राहामाला बोलते केले. पुत्र तर दोन आहेत. दोघेही आपापल्या मातेचे एकुलते. प्रेमही दोघांवर सारखेच! बापाची ही केविलवाणी टाळाटाळ मूळ ओळीत कोठेही नाही, आणि तरीही ती वाचल्यावर मूळ ओळ पूर्वीसारखी राहत नाही. आमच्या मते उत्तम टीकेची कसोटी हीच.

तारीख नोंदलेले पहिले मुद्रित हिब्रू पुस्तक शास्त्राचे नसून राशींच्या याच टीकेचे आहे, यात आम्हांस नवल वाटत नाही. इटलीतील रेज्जो कालाब्रिया येथे १४७५ साली अब्राहाम बेन गार्तोन यांनी ते छापले; त्याची एकच प्रत, तीही अपूर्ण, पार्मा येथे आहे. त्यातील वळणदार टंकास पुढे 'राशी लिपी' हे नाव पडले, यद्यपि खुद्द राशींनी ती लिपी कधी वापरली नव्हती. १४८२ साली बोलोन्याच्या आवृत्तीत पंचग्रंथ, त्याचे अरामी भाषांतर आणि राशींची टीका एकाच पानावर आली. आपल्याकडील त्रिपाठी पोथ्यांत मधोमध मूळ आणि वर-खाली टीका असते, तसाच हा संसार.

त्याचा कळस म्हणजे व्हेनिसचे रब्बिनी बायबल. त्याचा मुद्रक दानिएल बोंबर्ग ख्रिस्ती होता. १५१६–१७ च्या पहिल्या आवृत्तीचे संपादक फेलिक्स प्राटेन्सिस हे यहुदी कुळातले, पण ऑगस्टिनियन संघाचे संन्यासी. आणि ग्रंथ अर्पण केला होता तो पोप दहावे लिओ यांना! याकोब बेन हाइम यांनी सिद्ध केलेल्या १५२४–२५ च्या दुसऱ्या आवृत्तीत राशी एका बाजूस, तर कित्येकदा त्यांच्याशी न पटणारे इब्न एझ्रा दुसऱ्या बाजूस आहेत. संपादक कोणाचाही कौल देत नाही. मतभेद पानावरच मांडून ठेवण्याचे हे धैर्य आम्हांस त्या ग्रंथाचा सर्वांत मोठा वाङ्मयीन गुण वाटतो. त्यातील हिब्रू संहिता विसाव्या शतकापर्यंत प्रमाण मानली गेली.

आणि तरीही १५५३ साली रोमच्या काम्पो दे फ्योरी चौकात तालमूदच्या प्रती जाळण्यात आल्या, व्हेनिसमध्येही जाळल्या गेल्या. संपूर्ण तालमूद प्रथम छापणारा बोंबर्गच. फ्रान्सिस्कन निकोलस द लीरा यांनी चौदाव्या शतकात राशींकडून मुक्तहस्ते घेतले होते. म्हणजे ज्यांचे ऋण घेतले त्यांच्याच घराला आग. ही गोष्ट आम्हां कॅथलिकांना सौम्य शब्दांत सांगता येत नाही. यहुदी वाचनही शास्त्राचे एक शक्य वाचन आहे, असे परमधर्मपीठाच्या बायबल आयोगाने म्हटले ते २००१ साली.

मराठीत ही रब्बिनी रीत आली ती आमच्या हातून नव्हे. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाच्या हग्गादात अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातील चार ओळी शब्दाशब्दाने उलगडलेल्या असतात. बेने इस्रायल समाजासाठी ती हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली शिळाछापावर निघाली, पुण्यात १८७४ साली. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडच्याच पेहरावात आहेत. हिब्रू अक्षरांशेजारी देवनागरी ओळ आणि एकेका शब्दावर थांबणारा अर्थ: त्र्वाच्या त्या रब्बींना ही रीत परकी वाटली नसती.